फ्लॅट-सिक्स, व्ही-८ की रोटरी: स्पोर्ट्स कारचं इंजिन नेमकं कुठून जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेकंड-हँड स्पोर्ट्स कार घ्यायची, निदान पंधरा वर्षं विकायची नाही, आणि नुसती झाकून न ठेवता चालवायची. मग फ्लॅट-सिक्स (सहा सिलिंडर आडवे), इनलाइन-सिक्स (सहा एका ओळीत), व्ही-८ (आठ, व्ही आकारात) आणि रोटरी (पिस्टनऐवजी फिरणारा तिकोनी रोटर) यांतलं कोणतं इंजिन जास्त टिकतं? आणि टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेली गाडी टाळावी का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. सिलिंडर उभे आहेत, आडवे आहेत की तिरके, यावर इंजिनाचं आयुष्य ठरत नाही. काही वर्षं आखातात आणि आता पुण्यात मी इंजिनं खोलून बांधण्याचंच काम करतो. क्रँकशाफ्ट, ब्लॉक, हेड यांसारखे मोठे भाग आपणहून गेलेले फार क्वचित दिसतात. जातं ते काहीतरी छोटं: एखादं बेअरिंग, व्हॉल्व्हचा गाइड, चेनचा टेन्शनर, प्लास्टिकची पट्टी, सील. मोठे भाग जातात ते या छोट्या भागापायी. म्हणून कुठलंही इंजिन समोर आलं की मी तीन गोष्टी बघतो. यात सर्वांत आधी काय झिजणार? झिजताना ते आवाज, धूर, ऑइल अशा कशातून तरी कळणार का? आणि इंजिन पूर्ण न खोलता ते बदलता येणार का? या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर नाजूक म्हणून बदनाम झालेलं इंजिनसुद्धा वर्षानुवर्षं चालतं.

रोटरीपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत माझ्दाच्या ७८७बी या गाडीने जिंकली. तिच्यात चार रोटरचं इंजिन होतं. तोवर कुठल्याच जपानी कंपनीने ती शर्यत जिंकली नव्हती. मग माझ्दाच्याच रस्त्यावरच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या रोटरी गाड्यांची इंजिनं लाख-दीड लाख किलोमीटरच्या आत का बसतात, असं लोक विचारतात. कारण ही दोन कामंच वेगळी आहेत. शर्यतीचं इंजिन एकदा तापलं की चोवीस तास त्याच तापमानात, जवळपास त्याच आरपीएमला पळतं. त्यात ७८७बीच्या इंजिनाची अ‍ॅपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरची सील, सिरॅमिकची होती. तुमची गाडी सकाळी थंड सुरू होते, पार्किंगमधून दहा फूट पुढे येते आणि बंद होते. रोटरीला याहून वाईट काही नाही.

तिकोनी रोटरच्या तीन टोकांवर तीन अ‍ॅपेक्स सील असतात, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांतल्या दोन रोटरच्या १३बी इंजिनात सहा. पिस्टनच्या रिंगा ज्या भिंतीवर घासतात तिला खालून क्रँककेसचं ऑइल मिळत राहतं. अ‍ॅपेक्स सीलला ती सोय नाही. तिच्यासाठी वेगळा छोटा पंप मोजून-मापून थोडं ऑइल थेट चेंबरमध्ये सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणजे रोटरी ऑइल खाते ही तक्रार नाही, ती तिची रचनाच आहे. ऑइल कमी होतंय म्हणून घाबरणारा मालक मला चालतो. कमी होतच नाही म्हणून खूश असलेला मालक मला जास्त काळजीत टाकतो. इंजिन थंड असताना मिश्रणात पेट्रोल जादा सोडलं जातं. त्याच वेळी गाडी बंद केली तर ते पेट्रोल सीलजवळची ऑइलची पातळ फिल्म धुऊन काढतं, कॉम्प्रेशन पडतं आणि पुढच्या वेळी गाडी नुसती फिरत राहते, सुरू होत नाही. आरएक्स-८ च्या बाबतीत या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत माझ्दाला २००४ ते २००८ च्या मॉडेलांसाठी रोटरी इंजिनाच्या मूळ गाभ्याची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली.

तरी माझ्या तीन प्रश्नांत रोटरी तितकी वाईट ठरत नाही. काय झिजणार हे आधीपासून माहीत असतं. ते हळूहळू झिजतं, गरम इंजिन सुरू व्हायला वेळ लागू लागला की समजायचं. फक्त सील बदलायची तर इंजिन खोलावंच लागतं. भाग मात्र इतके थोडे असतात की काम जाणणारा माणूस ते नीट बांधू शकतो. अडचण आहे ती जाणकाराची. भारतात असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. शिवाय साधा कॉम्प्रेशन गेज रोटरीला चालत नाही, एका रोटरच्या तिन्ही बाजूंचा आकडा वेगवेगळा दाखवणारा टेस्टर लागतो. तो रिपोर्ट हातात नसेल तर आरएक्स-८ ला हात लावू नका, मग ती कितीही स्वस्त असो.

आता इनलाइन-सिक्स. टिकाऊपणाचा विषय निघाला की कुणीतरी टोयोटा सुप्रातल्या २जेझेडचं नाव घेणारच, आणि ते रास्त आहे. बीडाचा ब्लॉक, सिलिंडरचा वरचा भाग चहूबाजूंनी बंद, क्रँकला सात मेन बेअरिंग, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ८६. सहा सिलिंडर एका ओळीत असले की पुढे-मागे होणाऱ्या वजनांचा तोल आपोआप साधतो, वेगळा बॅलन्स शाफ्ट लागत नाही. जपानी टर्बो सुप्रावर कागदोपत्री २८० अश्वशक्ती लिहिलेली असे. ३ लिटरच्या मानाने हा आकडा बेताचा आहे, आणि खरं रहस्य इथे आहे. टोयोटाने त्या ब्लॉकमध्ये जितकी ताकद पेलण्याची क्षमता ठेवली त्याच्या अर्ध्यानेही काम घेतलं नाही.

आता त्याच रचनेची आणखी दोन इंजिनं बघा. निस्सानचं आरबी२६, १९८९ च्या आर३२ जीटी-आरमधलं. तेही बीडाच्या ब्लॉकचं, तेही ओळीत सहा सिलिंडरचं, तेही टर्बो. पण सुरुवातीच्या क्रँकवर ऑइल पंप फिरवणारा भाग अरुंद होता. पंपाच्या गिअरला तो पुरेसा धरत नसे. आरपीएमची मर्यादा राखणाऱ्या लिमिटरवर सतत आदळणाऱ्या गाडीत तो गिअर तुटतो, ऑइलचा दाब एका क्षणात शून्यावर येतो आणि पाठोपाठ क्रँक जातो. निस्सानने पुढे तो भाग रुंद केला. रचना तीच, ब्लॉक तोच, फरक काही मिलिमीटरचा.

दुसरं इंजिन बीएमडब्ल्यूचं एस५४, ई४६ एम३ मधलं. तेही बीडाच्या ब्लॉकचं. ३.२ लिटरमधून ३४३ अश्वशक्ती, तीही टर्बोशिवाय, ८,००० आरपीएमपर्यंत. स्ट्रोक ९१ मिलिमीटर. थोडा हिशेब करून बघा: स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम, भागिले ६०, की पिस्टनचा सरासरी वेग मिळतो. २जेझेडचा ६,८०० आरपीएमला तो सेकंदाला सुमारे १९.५ मीटर येतो. एस५४ चा ८,००० ला २४.३ येतो. आणि पिस्टन वर जाऊन थांबताना रॉडला (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याला) जो ताण देतो तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. वजन आणि स्ट्रोक तेच ठेवून नुसते ६,८०० चे ८,००० केले तरी ताण ३८ टक्क्यांनी वाढतो. हा सगळा ताण येऊन पडतो रॉड बेअरिंगच्या दोन पातळ कवच्यांवर. २००१ ते २००३ च्या दरम्यानच्या एम३ मध्ये या बेअरिंगमुळे इतकी इंजिनं गेली की बीएमडब्ल्यूला ती बदलून देण्याची मोहीम काढावी लागली. त्या गाडीच्या टॅकोमीटरवर दिवे आहेत, ऑइल तापत जाईल तसतसे ते एकेक विझतात आणि वापरण्याजोगा आरपीएम वाढत जातो. कंपनीने एवढं डोळ्यांसमोर लिहून ठेवलं तरी निम्मे मालक पहिल्याच सिग्नलवरून गाडी पिळतात.

पिस्टनच्या वेगावरूनच सगळं ठरतं असं वाटत असेल तर होंडाचं एफ२०सी बघा. १९९९ च्या एस२००० मधलं, २ लिटर, ९,००० आरपीएम, स्ट्रोक ८४ मिलिमीटर. वेग २५.२ मीटर, एस५४ पेक्षाही जास्त. आणि तरी नियमित ऑइल बदललेली ही इंजिनं वर्षानुवर्षं तक्रारीविना चालतात. सिलिंडरला तंतू मिसळलेल्या धातूचं अस्तर आहे, रॉड हलके आणि घडीव आहेत, बेअरिंगला ऑइल पोचवण्यात होंडाने कसूर केलेली नाही. एफ२०सी मरतं ते बहुतेक मालकाच्या हातून. चौथ्यावरून पाचवा टाकायला जावं आणि तिसरा पडावा, की आरपीएम लिमिटरच्या वर जातो. लिमिटर पेट्रोल तोडतो, पण चाकंच फिरवत असलेलं इंजिन तो थांबवू शकत नाही. तेव्हा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरचा रिटेनर तडकतो. तडकलेला रिटेनर लगेच बोलत नाही, काही महिन्यांनी तुटतो, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

बीएमडब्ल्यूचं पुढचं इंजिन, ई९२ एम३ मधलं एस६५, या हिशेबाला उलट बाजूने तडा देतं. ४ लिटरचा व्ही-८, स्ट्रोक फक्त ७५.२ मिलिमीटर, ८,४०० आरपीएमलाही पिस्टनचा वेग २१ मीटरच्या आसपास. एस५४ पेक्षा सौम्य. तरी रॉड बेअरिंगची भीती याच इंजिनाच्या मालकांना सगळ्यात जास्त, आणि ती अनाठायी नाही. बेअरिंग आणि क्रँकमधली फट फार कमी ठेवलेली, आणि त्यात १०डब्ल्यू-६० सारखं जाड ऑइल, असं स्वतंत्रपणे ही इंजिनं बांधणाऱ्या बऱ्याच जणांचं निदान आहे, माझंही तेच आहे. थंडीत जाड ऑइल त्या फटीत शिरायला वेळ घेतं. बरी गोष्ट एवढीच, की खालून चेंबर, म्हणजे ऑइलचं तळभांडं, उतरवून, इंजिन जागेवर ठेवूनच ही बेअरिंग बदलता येतात. त्यामुळे एस६५ बद्दल माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. रॉड बेअरिंग हा टायमिंग बेल्टसारखा ठरावीक अंतराने बदलायचा भाग आहे असं मानून त्याचे पैसे गाडीच्या किमतीत धरले, तर हे घेण्यासारखं इंजिन आहे. बेअरिंग बदलल्याचं बिल नसेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.

फ्लॅट-सिक्सकडे येतो. यावर जरा थांबावंच लागेल, कारण पोर्श या एकाच कंपनीने, एकाच काळात, एकाच आकाराची दोन इंजिनं बनवली आणि दोघांचं नशीब निराळं निघालं.

आधी जुन्या एअर-कूल्ड ९११ ची दंतकथा थोडी बाजूला सारू. १९७४ ते ७७ च्या २.७ लिटर इंजिनांचं क्रँककेस मॅग्नेशियमचं होतं. तापलं की हेडचे स्टड त्या मऊ धातूतून आटे घेऊन बाहेर येत. १९७८ च्या ३.० लिटर एससीला अ‍ॅल्युमिनियमचं केस आलं आणि तो त्रास जवळजवळ संपला. १९८४ च्या ३.२ कॅरेराला चेनचे टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालणारे मिळाले, तेव्हा दुसरा दुखरा भागही गेला. म्हणजे ज्याला लोक ‘जुनं ते सोनं’ म्हणतात ते इंजिन वीस वर्षं दुरुस्त होत होत तिथवर आलेलं होतं.

मग १९९६ मध्ये बॉक्स्टर आणि वर्षभरात ९९६ पिढीची ९११ आली, पाण्यावर थंड होणाऱ्या नव्या एम९६ इंजिनासह. क्रँककडून कॅमकडे फिरणं पोचवणारा मधला शाफ्ट, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात, जुन्या इंजिनातही होता. पण तिथे तो ऑइलच्या दाबावर तरंगणाऱ्या साध्या बेअरिंगवर फिरत असे. एम९६ मध्ये त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला आतच ग्रीस भरलेलं, सीलबंद बॉल बेअरिंग बसवलं. ते बेअरिंग इंजिनाच्या ऑइलमध्ये बुडालेलं, पण सीलमुळे त्या ऑइलचा उपयोग त्याला नाही. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने सील कडक होतं, गरम ऑइल थोडं थोडं आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं आणि वंगणाला पुरेल इतकं ऑइल काही येत नाही. बेअरिंग मोडलं की चेन सरकते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिन संपलं. आधी फारसा इशाराही नाही. अमेरिकेत यावर सामूहिक खटला झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली, २००१ ते २००५ च्या मॉडेलांसाठी. त्या वर्षांत आधीच्या दोन ओळींच्या बेअरिंगऐवजी एकाच ओळीचं बेअरिंग होतं.

तरी एवढं वाचून ९९६ वर काट मारू नका. बहुतेक गाड्यांचं हे बेअरिंग कधीच गेलं नाही. आणि २००५ पर्यंतच्या इंजिनांत, क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स खाली उतरवलेला असताना, हे बेअरिंग तिथूनच बदलता येतं. २००६ ते २००८ च्या इंजिनांत कंपनीने बेअरिंग मोठं केलं. ते जाण्याचं प्रमाण खूपच कमी झालं, पण आता ते क्रँककेसचे दोन भाग केल्याशिवाय निघत नाही. मजबूत पण हाताला न लागणारं बेअरिंग बरं, की कमजोर पण बदलता येणारं? मला विचाराल तर दुसरं, बदलल्याचं बिल असेल तर.

आणि आयएमएसच्या गोंगाटात खरा जास्त त्रास देणारा दोष मागे राहतो: बोअरवर ओरखडे पडणं. या इंजिनांच्या सिलिंडरला लोखंडी लायनर नाही, सिलिकॉन मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग आहे. पिस्टनवरचं अस्तर निघालं की अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासतं. गरम झाल्यावर लयीत टिक-टिक, दोनपैकी एकाच सायलेन्सरच्या तोंडाला जास्त काजळी, हळूहळू वाढत जाणारं ऑइल, ही त्याची लक्षणं. यात इंजिन खोलून लायनर बसवण्याला पर्याय नाही, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. ९९६ किंवा तिच्यानंतरच्या पिढीच्या पहिल्या ९९७ चा सौदा करताना बोअरमध्ये कॅमेरा घालून बघणं हा हट्ट सोडू नका. प्लगच्या भोकातून नुसता वरचा भाग दिसतो. ओरखडे खालच्या भागात असतात, ते चेंबर उतरवून खालून बघावे लागतात.

त्याच वर्षांत, त्याच कारखान्याच्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं फ्लॅट-सिक्स होतं. ते हान्स मेझगर या इंजिनिअरच्या नावाने ओळखलं जातं. शर्यतीच्या जीटी१ गाडीच्या क्रँककेसवरून आलेलं, ड्राय सम्पचं (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारं), मधल्या शाफ्टला साधी बेअरिंग, बोअरला निकेल-सिलिकॉनचा मुलामा. ते १९९९ च्या जीटी३ पासून २०११ च्या जीटी३ आरएस ४.० पर्यंत चाललं. याच्या खालच्या भागात झिजण्यासारखं फार थोडं आहे. आणि तरी त्याचा दुखरा भाग काय, तर पाण्याच्या पाइपांची नळकांडी, जी जागेवर चिकटवलेली आहेत. डिंक सुटला की पाइप निघतो आणि ट्रॅकवर भर वेगात मागच्या चाकांखाली पाणी येतं. इंजिन शाबूत, गाडी भिंतीला. वेल्डिंग करून किंवा पिन मारून हे कायमचं मिटवता येतं, आणि मेझगर इंजिनाची गाडी घेताना मी पहिलं तेच विचारतो.

२००९ च्या मॉडेलांपासून आलेल्या ९ए१ इंजिनातून तो मधला शाफ्टच काढून टाकला. साधी रोज चालवायची ९११ हवी असेल तर माझ्या मते इथून पुढची घ्या. मात्र जीटी३ चं तसं नाही. २०१४ मध्ये नव्या ९९१ पिढीच्या जीटी३ ला आगी लागल्या, कारण कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत होते. पोर्शने विकलेल्या सर्वच्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. पुढे ९,००० आरपीएमच्या त्याच इंजिनात कॅमखालचे फॉलोअर झिजू लागले आणि कंपनीने इंजिनाची वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवली. ती मुदत आता संपत आलेली आहे, काही गाड्यांची संपलीही. स्वस्तात मिळणाऱ्या पहिल्या ९९१ जीटी३ चं कारण बरेचदा हे असतं.

व्ही-८ मध्ये माझा कल ऐकून काही जण नाक मुरडतील. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं शेव्हरोलेचं एलएस१: ब्लॉकच्या मधोमध एकच कॅम, एकच आखूड चेन, पुशरॉड, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर. ५.७ लिटर, स्ट्रोक ९२ मिलिमीटर, ६,००० आरपीएमला पिस्टनचा वेग १८.४ मीटर. हे इंजिन कधीच धापा टाकत नाही. आखातात ५० अंशांच्या उन्हात एसी लावून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही इंजिनं चालताना मी पाहिली आहेत. त्याच्या ट्रॅक-अवतारात, म्हणजे २००६ ते २०१३ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधल्या ७ लिटरच्या एलएस७ मध्ये मात्र टायटॅनियमचे रॉड, टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व्ह आणि आतून सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आले, आरपीएम ७,००० ला गेला. घोळ झाला तो व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये. गाइड ढिला झाला की व्हॉल्व्ह डुलतो, एक दिवस डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं. हेड काढून गाइड मोजून घेतले की प्रश्न मिटतो, पण हेड काढण्याआधी तो दिसत नाही. घराणं एकच, भवितव्य वेगळं.

फेरारीच्या व्ही-८ बद्दल लोकांना वाटतं तेवढी ती नाजूक नसतात, महाग असतात. १९९४ च्या एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. ४० व्हॉल्व्हच्या त्या हेडमध्ये सुरुवातीच्या वर्षांतले ब्राँझचे गाइड झिजत आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड तडकत. पुढच्या ३६० या मॉडेलमध्ये बेल्टपर्यंत सीटमागून हात पोचू लागला, एफ४३० ला २००४ मध्ये चेन आली. पण चेन आली म्हणजे सुटलो, असं नाही. त्याच सुमाराच्या ऑडी एस४ मधल्या ४.२ व्ही-८ च्या चेन गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहेत आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतात. पट्टी तुटली की इंजिन उतरवलंच. बेल्टची तारीख तरी पुस्तकात लिहिलेली असते.

आता टर्बो. टर्बोमुळे इंजिन लवकर जातं हे विधान जसंच्या तसं खरं नाही. टर्बोची जास्तीची ताकद पिस्टनला खाली दाबते, म्हणजे रॉड दाबला जातो. उलट जास्त आरपीएमवर ताकद काढणारं साधं इंजिन रॉडला ताणतं, आणि पोलाद दाबापेक्षा पुन्हापुन्हा ताणल्याने लवकर थकतं. त्यामुळे बेताच्या आरपीएमचं टर्बो इंजिन रॉडच्या बोल्टांसाठी सुखाचं असू शकतं. त्याचे शत्रू दुसरे: उष्णता, आणि नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रणाचा अवेळी भडका. २.५ लिटरच्या सुबारू एसटीआयमध्ये पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते ती नॉकिंगनेच. हल्लीच्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएमवर जोर टाकला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. आणि आपल्याकडे रिमॅप करणारे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून देणारे, नेमका तिथेच, २,००० आरपीएमच्या आसपास, टॉर्क वाढवून देतात, कारण टेस्ट ड्राइव्हमध्ये तोच जाणवतो. ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ते ईए८८८ इंजिन मूळ ट्यूनवर चांगलं आहे. आधीच्या पिढीत चेनचा टेन्शनर आणि ऑइल खाण्याची तक्रार होती, ती नंतर बरीच कमी झाली. रिमॅप केलेली गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. कोणत्या पेट्रोलवर ट्यून केली ते विचारा. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन पेट्रोल डिसेंबर २०२० पासून पुण्या-मुंबईत मिळू लागलं. पण ते सगळ्या पंपांवर नसतं, आणि साताऱ्याच्या पुढे टाकी रिकामी झाली की मालक मिळेल ते भरतो.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर: इथेनॉल पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जातं. जूनमध्ये कव्हर घालून थेट दसऱ्याला बाहेर काढायच्या गाडीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल चार महिने पडून राहतं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या व पंप त्यासाठी बनलेले नसतात. पावसाळ्यात गाडी काढायची नसेल तर निदान पंधरवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. नुसती जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवणं हे सर्वांत वाईट. ऑइल तापत नाही, पाण्याची वाफ आतच राहते, आणि मालकाला काळजी घेतल्याचं समाधान मिळतं.

लोटसचा एक दाखला देतो, कारण छोट्या कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्यांना तो उपयोगी आहे. १९९६ ची एलीस रोव्हरच्या के-सीरीज इंजिनावर आली. इंजिन हलकं, पण हेडपासून खालपर्यंत लांब बोल्टांनी सँडविचसारखं आवळलेलं आणि पाणी कमी. हेड गॅस्केट उडणं हे त्याचं ठरलेलंच. २००४ पासून लोटसने टोयोटाचं इंजिन घेतलं आणि पुढे इव्होराला टोयोटाचाच ३.५ लिटर व्ही-६ लावला. गाडी इंग्लंडची, इंजिन कॅमरीच्या घराण्यातलं. ऐकायला रुक्ष वाटतं, पण पंधरा वर्षं ठेवायची असेल तर यासारखा दुसरा सौदा नाही.

गाडी बघायला जाताना विक्रेत्याला सांगून ठेवा की इंजिन आदल्या रात्रीपासून बंद हवं. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड सुरू होतानाचे पहिले दहा सेकंद चेन, टेन्शनर आणि लिफ्टर यांची खरी हकीकत सांगतात. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरून बघणं हे माझं आवडतं काम. तांबूस चमक दिसली तर रॉड बेअरिंग, चुंबकाला चिकटणारं काही असेल तर चेन किंवा कॅम. नुसत्या कॉम्प्रेशनवर विसंबू नका, सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून लीक-डाउन टेस्ट करा. हवा कुठून निसटते ते त्यात ऐकू येतं. पोर्श असेल तर इंजिनाच्या संगणकातून ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढता येतो, चुकीचा गिअर पडून लिमिटरच्या वर किती वेळा गेलं आणि शेवटचं कधी, हे त्यात असतं. आणि किलोमीटरपेक्षा बिलांच्या तारखा बघा. वीस वर्षांत पंधरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा ऐंशी हजार चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली गाडी मी डोळे झाकून घेईन.

तुमच्या प्रश्नाला धरून नावं सांगायची तर: भारतात राहून चालवायची असेल तर २००९ नंतरची साधी ९११ किंवा केमन, बेअरिंग बदललेला ई९२ एम३, किंवा ट्यून न केलेली व्हीआरएस. परदेशात असाल आणि पर्याय मोकळे असतील तर एलएस१ ची कॉर्व्हेट, एस२००० किंवा इव्होरा. रोटरी मनातून जात नसेल तर जरूर घ्या, पण इंजिन बांधण्याचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा आणि ते कोण बांधणार हे गाडी घेण्याआधी ठरवा.